हातचं आणि पंगतीतलं

गेल्या मार्चमधल्या एका रविवारी मी रत्नागिरीच्या घरी चाऊमीन करायला घेतलं आणि त्याचा गोळा झाला.

माझी नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण महिन्यातले बरेच दिवस मी घरूनच काम करतो. त्यामुळे अधूनमधून स्वयंपाकघराचा ताबा मिळतो. हक्का नूडल्सचं पाकीट, कोबी, गाजर, सिमला मिरची, कांद्याची पात, आलं, लसूण, सोया सॉस, व्हिनेगर असं सगळं आणलं होतं. चार माणसांचं एकदम उरकू म्हणून सगळ्या भाज्या एकाच वेळी कढईत लोटल्या. त्यांना पाणी सुटलं, त्यात आधीच जास्त शिजलेल्या नूडल्स पडल्या आणि मी नुसता हलवत राहिलो. पाच मिनिटांनी कढईत जे उरलं त्याला आईनं 'सोया सॉसची खिचडी' म्हटलं.

त्याच वेळी मागच्या दारात आमच्या बागेचा राखणदार उभा होता. शहराबाहेर आमची हापूसची छोटी बाग आहे. तिथे गेली सहा वर्षं एक नेपाळी जोडपं असतं. दिवाळीनंतर येतात, पाऊस सुरू होण्याच्या आत परत जातात. फवारणी, वानरं हाकणं, तोडणी, पेट्या भरणं, सगळं तेच बघतात. रत्नागिरीत अशा कितीतरी बागा आणि कितीतरी मच्छीमार बोटी नेपाळी माणसांच्या कष्टावर चालतात. तो फवारणीच्या पंपासाठी पैसे न्यायला आला होता. त्यानं लांबूनच कढईत पाहिलं आणि म्हणाला, "दादा, हे मेलं."

आई हसली. "ये, आत ये, दाखव त्याला," म्हणाली. चपला बाहेर काढून तो आत आला.

दुसरं पाकीट होतं. त्यानं पाणी उकळत ठेवलं. नूडल बोटांनी दाबून पाहिली, मध्ये किंचित कच्ची लागल्याबरोबर चाळणीत ओतली, वर गार पाणी घातलं, थोडं तेल चोळलं आणि परातीत पसरून पंख्याखाली ठेवली. मग लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवली. त्यात एकाच माणसापुरती भाजी, मोठी आच, मिनिटभर परतणं, मग मूठभर नूडल्स. सोया सॉस भाजीवर न ओतता कढईच्या कडेवरून सोडला. एक घाणा काढायचा, कढई पुन्हा तापू द्यायची, मग दुसरा.

मी त्यामागचं कारण लगेच शोधलं, सवयच आहे. गाडीवरच्या भट्टीची आच घरच्या गॅसला नसते. कढईत एकदम जास्त टाकलं की ती थंड पडते, सुटलेलं पाणी उडून जात नाही आणि भाजी परतली जाण्याऐवजी वाफेवर शिजते. 'चाऊमीन' या नावातच कृती आहे. चिनी भाषेत पहिल्या शब्दाचा अर्थ परतणं, दुसऱ्याचा गव्हाच्या पिठाच्या शेवया. परतलेल्या शेवया. मी उकडलेल्या केल्या होत्या. त्यानं हे कारण नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की पोरवयात तो दोन वर्षं दिल्लीत चाऊमीनच्या गाडीवर होता, तिथे हळू परतलं की मालक ओरडायचा.

मग आम्ही जेवायला बसलो. आजी, आई, बाबा आणि मी टेबलाशी. त्याचं चाऊमीन मागच्या पडवीत दिलं. कडेला ओरखडा असलेल्या ताटात. ते ताट आमच्या फडताळात वेगळं असतं, शेजारी दांडी तुटलेला एक कपही असतो. मला आठवतं तेव्हापासून बागेतून येणाऱ्या गड्यांसाठी ही भांडी आहेत, आणि त्याबद्दल घरात कोणी कधी काही बोललेलं मला आठवत नाही.

दोन घास खाल्ल्यावर मला ते बोचलं. ज्यानं माझ्या आईच्या शेगडीवर माझी चूक दुरुस्त केली, तो भिंतीपलीकडे बसून जेवत होता. मी माझं ताट उचलून पडवीत गेलो आणि त्याच्या शेजारी बसलो. तो लगेच उठला. "बसा दादा, बसा," म्हणाला, आणि उरलेलं ताट घेऊन विहिरीपाशी जाऊन उभ्यानं संपवलं.

त्या दिवशी कोणी कोणाशी वाईट वागलं नाही. आईनं त्याला भरपूर वाढलं होतं, त्यानंही पोटभर खाल्लं. तरी काहीतरी चुकलं होतं, आणि नेमकं काय, हे मला गेले काही महिने सुटत नव्हतं.

पहिल्यांदा मी ते आमच्या धंद्याच्या भाषेत मांडून पाहिलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज दुसऱ्याचा कोड फुकट वापरतो. एमआयटी लायसन्स नावाचा एक फार वापरला जाणारा परवाना आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हा कोड घ्या, बदला, विका, काहीही करा, फक्त मूळ लेखकाच्या नावाची नोटीस आणि हा परवाना त्यासोबत राहू द्या. मला वाटलं, खाण्याचंही तसंच असावं. पदार्थ घ्या, हवा तसा बदला, फक्त कोणाकडून घेतला ते विसरू नका.

आपण बदलला तर आहेच. गाडीवरचं आपलं 'चायनीज' चीनमध्ये कोणी ओळखणार नाही. चिकन मंचुरियन १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी केलं, असं मानलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा पाया आपला, आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. शेजवान चटणी तर आता डोशात जाते. ज्या अजिनोमोटोला आजी घाबरते त्याचा शोध १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं समुद्रातल्या शेवाळापासून लावला. म्हणजे आपल्या 'चायनीज'मधल्या ज्या वस्तूला सगळे 'चायनीज' म्हणून नावं ठेवतात, ती जपानी आहे.

पण नावाची नोटीस हा मुद्दा फार पुढे जात नाही. एक तर असा हिशेब मांडायचा ठरवलं तर बटाटेवडासुद्धा खाता येणार नाही. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली. काजूही तसाच आला, आणि आज रत्नागिरी-सिंधुदुर्गाची ओळख होऊन बसला आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या, समुद्रापलीकडच्या शेतकऱ्याचे आभार मी कसे मानणार, आणि त्यानं कोणाचं काय भलं होणार? शिवाय शेवया करायची कल्पना काही एकट्या चीनची नाही. आपल्याकडे तांदळाच्या उकडीचे शिरवाळे साच्यातून पाडून गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खातात. पदार्थांच्या बाबतीत 'हे मूळचं कोणाचं' हा प्रश्न थोडं खणलं की विरून जातो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. नाव तर आपण ठेवलंच आहे. प्रत्येक गाडीवर मोठ्या लाल अक्षरांत 'चायनीज' लिहिलेलं असतं. त्या नावानं कोणाचं भलं झालं?

मी शाळेत असताना क्लास सुटला की आम्ही चार-पाच जण अशाच एका गाडीवर जायचो. परतणारा मुलगा आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल. आम्ही त्याला 'ओ चायनीज' अशी हाक मारायचो. एकदा त्यानं हातातला झारा थांबवून सांगितलं, "हम नेपाल से हैं." त्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "तेच ते." सगळे हसले. तोही थोडासा हसला, आणि पुन्हा परतायला लागला.

'तेच ते' म्हणणारा मीच होतो.

त्या दोन शब्दांत काय होतं ते मला फार नंतर कळलं, १९६२ च्या युद्धानंतरच्या गोष्टी वाचताना. त्या युद्धाच्या वेळी चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना घरांतून उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले अनेक भारतातच जन्मलेले होते, आसामात नाहीतर दार्जिलिंगकडे वाढलेले होते, म्हातारे होते, मुलं होती. काही जण १९६७ पर्यंत तिथे होते. सुटल्यावर कित्येकांनी देश सोडला. चेहरा बघून देश ठरवायचा आणि देशावरून माणूस, हेच तिथे झालं होतं. 'तेच ते' हे त्याचं शाळकरी रूप. आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत याच देशात चायनीज हा गल्लोगल्लीचा पदार्थ झाला. पदार्थाचं स्वागत करताना माणसाचं काय झालं, हे आपल्याला कोणी विचारलं नाही, आपणही विचारलं नाही.

तरी आमच्या पडवीतला प्रश्न यानंही सुटत नाही. आमचा राखणदार चिनी नाही. चाऊमीनचं श्रेय त्याला द्यायचं कारण नाही. त्याचं देणं पदार्थाचं नाही, तर मग कशाचं?

उत्तराचा धागा मला गावातच मिळाला. रत्नागिरीला या विषयाचा जुना अनुभव आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांच्या राजकारणाबद्दल वाचकांचं मत काहीही असो, त्या वर्षांत इथे झालेल्या सहभोजनांनी गावात खळबळ उडवली होती हे खरं. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं, आणि १९३३ मध्ये इथे अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झालं. त्या नावातच त्याची मर्यादाही लिहिलेली आहे. पण मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या काळातल्या लोकांना रोटीबंदीची नेमकी रचना माहीत होती. तिचे नियम दोन होते. एक, कोणाच्या हातचं खायचं. दुसरा, कोणाच्या पंगतीला बसायचं. हे दोन वेगळे नियम आहेत, आणि एक मोडला म्हणून दुसरा आपोआप मोडत नाही.

पहिला नियम आज शहरात जवळपास संपला आहे. चायनीजच्या गाडीवर परतणाऱ्याची जात, धर्म, गाव कोणी विचारत नाही. माझी आजी, जिच्या लहानपणी बाहेरचा चहासुद्धा घरात चालत नसे, ती त्या दिवशी राखणदाराच्या हातचं चाऊमीन मागून घेऊन खात होती. सुधारकांनी आयुष्य घालवून जे जमवलं नाही ते भूक, घाई आणि चव यांनी चाळीस वर्षांत करून टाकलं. हे लहान काम नाही, मला ते नाकारायचं नाही.

पण दुसरा नियम शिल्लक आहे. तो आता जातीचं नाव घेत नाही. ओरखडा असलेल्या ताटाच्या रूपात तो फडताळात बसलेला असतो. विचारलं तर उत्तर मिळतं की गडीमाणसं बाहेर बसतात, त्यांनाच तिथे मोकळं वाटतं. सोसायटीतली वेगळी लिफ्ट, हॉटेलात मालकांच्या मुलाला भरवणारी आणि स्वतः समोर काहीच न घेता बसलेली मुलगी, हे सगळं त्याच नियमाचं आजचं रूप आहे. आपण सगळ्यांच्या हातचं खायला शिकलो, आणि त्यामुळे आपण सुधारलो असं समजून मोकळे झालो.

'खाण्यामुळे माणसं जवळ येतात' असं आपण सहज म्हणतो. माझा त्यावर आता विश्वास राहिलेला नाही. आमच्या गावातलंच दुसरं उदाहरण बघा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीत परत आली, आणि तिची मुलगी टुटू इथेच मराठी बोलत म्हातारी झाली. म्हणजे ती माणसं गावाची झाली. ब्रह्मदेशात मोहिंगा हा घराघरातला पदार्थ, माशांच्या रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया. मासे आमच्याकडे, शिरवाळे आमच्याकडे, तरीही माझ्या ओळखीच्या एकाही घरात तो पदार्थ शिरला नाही. तिथे माणूस आला, खाणं आलं नाही. इथे खाणं आलं, माणूस पडवीत राहिला. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत. एकीवरून चाललं म्हणजे दुसरीवरचं अंतर कमी होत नाही.

यावर आईचं म्हणणं असं, की तू शेजारी बसलास तेव्हा उठला तो, आम्ही उठवलं नाही. हे खरं आहे, आणि मी त्याला सहज बाजूला सारू शकत नाही. तो का उठला? मी त्याचा पगार देणाऱ्या घरातला मुलगा आहे. मी न विचारता जाऊन बसलो. त्या क्षणी समतेचा आनंद मला मिळणार होता आणि अवघडलेपण त्याच्या वाट्याला जाणार होतं. त्याला गरम चाऊमीन शांतपणे खायचं होतं, मी माझ्या बोचणीचा उतारा म्हणून त्याचं जेवण वापरलं. पंगत म्हणजे कोणीतरी उदार होऊन दुसऱ्याशेजारी बसणं नव्हे. दोघांनाही तिथून उठून जायची मुभा असते आणि तरी दोघं बसतात, तेव्हा ती पंगत. पगार, रजा, उचल हे सगळं एकाच्या हातात असताना ती मुभा कुठून येणार? म्हणजे ताट बदलण्याआधी बदलायला हवं असं बरंच काही आहे, आणि ते स्वयंपाकघरात नाही, बाबांच्या हिशेबाच्या वहीत आहे.

या वहीत त्याचं नाव 'बहादूर' असं आहे. त्याच्या आधीच्या राखणदाराचंही तेच होतं. त्याचं खरं नाव मला तीन वर्षांपूर्वी समजलं, पहिल्यांदा मोबाइलवरून पैसे पाठवताना, पडद्यावर आलं तेव्हा. ते मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का, असं त्याला विचारलेलं नाही. पण तेव्हापासून मी त्याला त्या नावानं हाक मारतो. पहिल्या वेळी त्यानं मागे वळून पाहिलं होतं, दुसरं कोणी आलंय का म्हणून.

मे महिन्याच्या शेवटी, निघण्याच्या आदल्या आठवड्यात, त्यानं मला बागेत जेवायला बोलावलं. खोपीसमोर तीन दगडांची चूल होती. त्याच्या बायकोनं चाऊमीन केलं. लाकडाच्या जाळावर कढई अशी तापते की आमच्या गॅसला ते कधी जमणार नाही. मला गोधडीवर बसवलं, ताट पुढे ठेवलं आणि दोघंही बाजूला उभे राहिले. "तुम्ही पण बसा," मी म्हटलं. "पाहुणे आधी," ती म्हणाली. मी एकटा जेवत होतो आणि दोन माणसं मला जेवताना बघत होती. घास गिळवेना. पडवीत त्याला काय झालं असेल ते मला तिथे थोडंसं कळलं. त्याला मी बसलो म्हणून, मला ते बसले नाहीत म्हणून.

घरी येऊन मी बाबांना वही काढायला लावली. वहीत 'बहादूर'च्या जागी त्याचं खरं नाव आलं. दोघांचा मिळून एकच पगार लिहिला जात होता, तो वेगळा करायचं ठरलं. तिची मजुरी आजवर त्याच्या नावात बुडालेली होती. बाबा थोडे कुरकुरले, पण मान्य केलं. यामुळे मी फार काही केलं असं नाही. सहा वर्षं उशिरा केलेला तो साधा हिशेब होता.

ओरखड्याचं ताट आता आमच्याच ताटांत आहे. आईनं मुद्दाम ठेवलं की भांडी लावताना चुकून गेलं, हे मी विचारलेलं नाही. मागच्या आठवड्यात माझ्या पुढ्यात तेच आलं होतं.

दिवाळीनंतर ते दोघं परत येतील. तेव्हा त्यांना घरी जेवायला बोलावायचं ठरवलं आहे. हो म्हणायचं की नाही, हे त्यांच्यावर आहे. यायचं ठरवलं तर एक अडचण मला आधीच दिसते आहे. चाऊमीन नीट व्हायचं तर ते एकेका माणसाचं परतावं लागतं, म्हणजे सहा माणसांना ते एकदम गरम मिळणं शक्य नाही. परतणारा शेवटपर्यंत उभा राहतो आणि सगळ्यांचं झाल्यावर एकटा खातो. आजवर ती जागा दिल्लीच्या गाडीवर त्याची होती, आमच्या घरी त्याची होती, खोपीत तिची होती. या वेळी कढईपाशी मी असेन. नूडल्स कधी उतरवायच्या ते आता मला येतं.